बाही वर कर!

माझ्या मुलाला एक मिनिटही रिकामं राहू द्यायचं नाही, असं मी मार्चमध्ये ठरवलं. (मी पुरवठा कार्यालयात क्लार्क आहे, रिकामपणातलं मला कळतं.) थट्टा सोडून सांगतो, मला भीती वाटत होती. ऐजॉलच्या आमच्या वस्तीत त्या वर्षी नशेच्या सुईनं चार पोरं गेली होती, आणि माझा मापुइया एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजातून यायचा आणि मोबाइल घेऊन पडायचा.

मोबाइल मी कपाटात कुलूपबंद केला.

"आता त्याला मयताच्या कामाला पाठवतो," मी बायकोला म्हटलं. आमच्याकडे कोणी गेलं की लाउडस्पीकरवरून पुकारतात आणि वस्तीतली पोरं कुदळी घेऊन कबर खोदायला जातात.

"मरणापासून लांब राहावा म्हणून थडग्यांत पाठवता?" रेमी म्हणाली. "धन्य आहे तुमची!"

जूनपर्यंत मापुइयानं अकरा कबरी खोदल्या. घरी येऊन हात धुवायचा आणि ताटाकडे बघत बसायचा. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. "पोरगं सुधारलं," असं मी ऑफिसात सांगत होतो आणि "शाबास, पु डेंगा" असं ऐकून घेत होतो (आमच्याकडे मानानं पुरुषाला पु म्हणतात, बाईला पी).

एका शनिवारी सकाळी मुआनाचं नाव पुकारलं. मुआना मापुइयाच्याच वर्गातला. काय झालं ते कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं. मापुइया न खाताच कुदळ घेऊन पळाला. जॅकेट खुर्चीवर राहिलं. मी ते उचललं (खिसे तपासायला नव्हे... बरं, तपासायलाच) आणि हाताला सिरिंज लागली.

मुठीत ती सिरिंज, पायात एक माझा बूट आणि एक बायकोची चप्पल, असा मी उतार उतरत दफनभूमीत पोचलो. शवपेटी आलेली होती. लोक गात होते. छातीइतक्या खोल खड्ड्यात मापुइया शेवटची माती काढत होता.

"बाही वर कर!" मी ओरडलो.

"पा, आत्ता नको."

"हात दाखव! सुई कुठे टोचतोस?"

तोंडातून शब्द सुटला आणि कडेवरून पाय. मी मापुइयाच्या अंगावर पडलो. वर गाणं थांबलं.

त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या. चिखल, आणि एक खरचटलेलं कोपर. बाकी काही नाही.

"आईच्या डुकरिणीचं एक पिल्लू अशक्त आहे," तो हळूच म्हणाला. "त्याला या सिरिंजनं दूध पाजतो मी. तुम्हीच आणलीत ना दुकानातून?"

मीच आणली होती आणि विसरलो होतो. तिला सुई नाही, हेही मला आत्ता दिसलं.

मुआनाची आई, पी छुआनी, कडेशी आली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"बरं केलंत, पु डेंगा," ती म्हणाली. "मी कधी बाही वर करायला लावली नाही. म्हटलं, पोराला काय वाटेल."

मला त्या खड्ड्यातच राहावंसं वाटलं. पण जागा दुसऱ्याची होती. तिघांनी मला ओढलं. "पु, जरा पोट आत घ्या," एक जण अगदी अदबीनं म्हणाला. मापुइया मात्र आतच बसला आणि रडला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी कडेवर बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

त्याच दिवशी मोबाइल परत दिला. आता रोज जेवायला बसताना तो आपणहून बाह्या वर करतो. असू दे रे, म्हटलं तर ऐकत नाही. "पी छुआनीला शब्द दिलाय," म्हणतो. मी बघतो, आणि मला घास गोड लागतो.

काल रेमीनं भात वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "आता तुमचे खिसे."

"माझे कशाला? मी काय एकोणीस वर्षांचा आहे?"

मापुइयानंच उठून हात घातला आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेऊन मी सोडलेल्या पान-सुपारीच्या सात पुड्या ताटाशेजारी ओळीनं मांडल्या.

"एवढ्याच ना, पा?" त्यानं विचारलं.

मी नुसती मान हलवली. बोलता येण्यासारखं नव्हतं. आठवी तोंडात होती.