वामकुक्षीतली शिटी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा सर्वांत तल्लख गुप्तहेर कोण, असा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही. पण उद्या कोणी विचारलाच तर उत्तर तयार असावं, म्हणून लुईस लोबोने घराच्या फाटकावर पाटी लावून ठेवली होती : 'लुईस लोबो, खाजगी गुप्तहेर. संपूर्ण गुप्तता पाळली जाईल. दुपारी एक ते चार बंद.'

तल्लख बुद्धी, करडी नजर, करारी जबडा आणि भरघोस मिशी ही गुप्तहेराची लक्षणं, असं लुईसचं मत होतं. त्यातली मिशी त्याच्याकडे होती. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने ती मुद्दाम वाढवली, आणि इतकी मन लावून वाढवली की बाकीची लक्षणं वाढवायला सवडच मिळाली नाही. हे वाक्य खुद्द लुईसचं आहे. हल्ली तो ही गोष्ट बाजारात स्वतःच सांगतो आणि सर्वांच्या आधी स्वतःच हसतो. त्या मे महिन्यात मात्र त्याला हसू येत नव्हतं, कारण बहुतेक वेळ तो झोपेत असायचा.

चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की तो झोपायचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण मासेवालीशी घासाघीस करता करताही त्याची मान खाली जायची आणि ती त्याचा होकार समजून मासे पिशवीत टाकायची. खरं दुखणं वेगळंच होतं. झोपेत त्याचा श्वास मध्येच बंद पडायचा. घोरण्याचा गडगडाट चालू असताना एकदम सामसूम व्हायची आणि शेजारी त्याची बायको क्लॉडिया अंधारात डोळे उघडे ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत पडायची. श्वास आला नाही की त्याला गदागदा हलवायची. कितीतरी वर्षं ती बाई धड झोपलीच नव्हती. लुईसला हे ठाऊक होतं, म्हणजे गाढ झोपलेल्या माणसाला जेवढं ठाऊक असू शकतं तेवढं.

शेवटी कुडाळच्या डॉक्टरांनी तपासण्या करून त्याला बायपॅप मशीन लावायला सांगितलं. माणूस श्वास घेतो तेव्हा हे मशीन जोरात हवा आत ढकलतं, सोडतो तेव्हा जरा माघार घेतं. लुईस तोंड उघडं टाकून झोपायचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क आला. रात्र असो नाहीतर दुपार, मास्क लावल्याशिवाय डोळा मिटायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मशीन घरी बसवायला तन्वी नावाची मुलगी आली. तिने मास्कबद्दल पुष्कळ सूचना दिल्या. लुईस त्या ऐकता ऐकता झोपला. क्लॉडियाने सगळ्या ऐकल्या.

त्या दिवसापासून क्लॉडियाची कळाच बदलली. दुपारी आडवी पडली की ती जी झोपायची ती थेट चहाच्या वेळेला उठायची, आणि उठल्यावर गुणगुणत कामाला लागायची. लुईसने तिला गुणगुणताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात वाडीत शिटी वाजू लागली.

तक्रार घेऊन आली शेजारची सुगंधा. लोबोंच्या कुंपणाला लागून तिच्या दोन खोल्या होत्या, तिथे ती पाहुणे ठेवायची. "लुईसदादा, कायतरी करा. रातचा डासांसाठी खिडक्यो लावन घेतत, तेवां आयकूक येणा नाय, पण दुपारी जरा आडवा पडूचा म्हटला की शिटी वाजाक लागता. पावणे भियातत. एक कुटुंब सकाळीच बॅगा भरून शिरोड्याक गेला. हंगाम असो गेलो तर मी वर्सभर करू काय?"

"शिटीचं वर्णन करा," लुईस म्हणाला. धंद्याचं बोलताना तो पुस्तकी मराठीत शिरायचा.

"एक लांब, जोराची. मगे एक बारीक, दम गेल्यासारखी. परत जोराची, परत बारीक."

लुईसने डोळे मिटले. तो विचारात गढला असावा असं सुगंधाला वाटलं. क्लॉडियाने त्याला कोपराने ढोसलं.

"दोन माणसं आहेत," तो दचकून म्हणाला. "एक धट्टाकट्टा, दुसरा अशक्त. धट्टाकट्टा समुद्रातून खूण करतो आणि अशक्त किनाऱ्यावरून उत्तर देतो. हा तस्करीचा प्रकार आहे."

"कसली तस्करी?"

"ते त्यांनी अजून ठरवलेलं दिसत नाही."

लुईसला एक मदतनीसही होता. क्लॉडियाचा भाऊ रॉकी. रिक्षाला भाडं नसेल तेव्हा तो गुप्तहेराचा सहायक, चालक आणि मुख्य म्हणजे त्याला जागं करणारा माणूस असायचा. "भावजी, एक बोलू?" रॉकी म्हणाला. "तुमचा मशीन इला आणि शिटी वाजाक लागली, ह्यां दोनय एकाच आठवड्यात झाला."

"शाबास, रॉकी! म्हणजे मी दुपारी मास्क लावून झोपतो ही बातमी फुटली आहे. गुन्हेगार माझा डोळा लागण्याची वाट बघतात."

रॉकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि विचार करून मिटलं. बहिणीच्या नवऱ्याबरोबर काम करायचं तर ही सवय लागतेच.

पहिला संशयित होता भाई. एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झाल्यावर शिटी घरी घेऊन आला होता. लुईसने स्टँडवर उभं राहून जन्मभर गाड्या मागे घेतानाच्या शिट्या ऐकल्या होत्या. शिटीच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. भाईने शिटी आणून त्याच्या हातात ठेवली. "घे, वाजवन दाखय." लुईसने जीव खाऊन फुंकली. आतली गोळी केव्हाच पडून गेली होती. शिटीतून थोडी हवा आणि एक मुंगी बाहेर आली.

"तरी तू त्या दोघांतला अशक्त असू शकतोस," लुईस म्हणाला.

"असान," भाई म्हणाला. "चाय घेतंस काय?"

मग सुगंधाच्या कुकरवर संशय गेला. फिर्यादीच गुन्हेगार निघतो असं लुईसने ऐकलं होतं. पण दुपारी तिची चूल थंड असायची. मग नंबर लागला तिच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या अक्षया मॅडमचा. हा आवाज एका दुर्मीळ पक्ष्याचा आहे अशी त्यांची खात्री होती, आणि रोज जेवण झालं की त्या दुर्बीण घेऊन नेमक्या लोबोंच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. "पक्षी याच बाजूला घरटं करून आहे, आवाज इथूनच येतो," असं त्यांनी लुईसला स्पष्ट सांगितलं. लुईसने त्यांचे आभार मानले आणि रॉकीला बाजूला घेऊन म्हणाला, "ही बाई माझ्यावर पाळत ठेवून आहे."

शेवटी राहिली क्लॉडिया. सगळी वाडी शिटीने हैराण झालेली असताना ही एकटीच तक्रार करत नव्हती. तिला ऐकू कमी येत असावं, असं लुईसने ताडलं. खात्री करायला तो तिच्या मागे जाऊन अगदी हळू पुटपुटला, "फणसाचे गरे आसत, खातंस?"

"आण," क्लॉडिया मागे न बघता म्हणाली.

म्हणजे कान शाबूत होते. मग एवढी शिटी वाजत असताना ही झोपते कशी?

"भावजी, ताईक इचारा मां," रॉकी म्हणाला.

"संशयिताला थेट विचारायचं नसतं रे."

एकच उपाय उरला, पाळत. एका दुपारी लुईसने मास्क खुंटीला टांगला आणि रॉकीला घेऊन कुंपणालगतच्या माडाखाली दबा धरला. ती दुपार अगदी शांत गेली. शिटीचा मागमूस नाही. आवाज झाला तो गुप्तहेराच्या घोरण्याचा, कारण दबा धरल्याधरल्या तो झोपला होता. रॉकी हसत बसला होता. एकाएकी घोरणं थांबलं. रॉकीने वाट बघितली. लुईसची छाती हलेना, ओठ काळपट पडू लागले, आणि रॉकीचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने दोन्ही खांदे धरून त्याला हलवलं तेव्हा कुठे मोठा आचका देऊन श्वास परत आला.

"भावजी, श्वास बंद पडलो होतो तुमचो!" रॉकी ओरडला. "ताई ह्यां रोज बघी?"

"शिटी वाजली का?" लुईसने विचारलं.

"नाय."

"मला घाबरले," लुईस समाधानाने म्हणाला. रॉकीला त्या दिवशी प्रथमच भावजींचा खरोखर राग आला.

दुसऱ्या दुपारी लुईस मास्क लावून शहाण्यासारखा आपल्या पलंगावर झोपला, आणि शिटी नेहमीपेक्षा जोरात वाजली. सुगंधाच्या उरल्यासुरल्या पाहुण्यांनी बॅगा काढल्या. तेव्हा सुगंधाने ते केलं जे आजवर वाडीत कोणीच केलं नव्हतं. ती भर दुपारी अंथरुणातून उठली. गुप्तहेराला ओढून आणायचं आणि शिटी चालू असतानाच गुन्हेगार पकडायला लावायचा, असं ठरवून तिने कुंपण ओलांडलं. शिटी मोठी झाली. ती पडवीत शिरली. शिटी आणखी मोठी झाली. बेडरूमच्या दारात तर तिला कानांवर हात ठेवावे लागले.

"लुईसदादा, उठा! वाजता बघा!"

लुईस धडपडून उठला, त्याने मशीन बंद करून मास्क काढला आणि कान टवकारले. खोलीत पूर्ण शांतता होती. "पळाले!" तो म्हणाला. "थोडक्यात निसटले."

सुगंधाने त्याच्या हातातल्या मास्ककडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, तां परत लावा बघया तोंडाक."

लुईसने मास्क चढवला, मशीन चालू केलं, श्वास घेतला. त्याच्या मिशीखालून लांब, जोराची शिटी निघाली. सोडताना बारीक, दम गेल्यासारखी. लुईसचे डोळे चमकले. त्याने बोट उंचावलं, खिडकीकडे रोखलं आणि मास्कच्या आतून अस्पष्ट आवाजात ओरडला, "आले! रॉकी, मागल्या दारान जा!"

रॉकी आरडाओरडा ऐकून आला होता, पण तो मागल्या दाराने गेला नाही. तो दाराची चौकट धरून हसत खाली बसला. सुगंधाही हसून हसून पदर डोळ्यांना लावू लागली. लुईसचं बोट हळूहळू खिडकीवरून फिरत फिरत आपल्याच नाकासमोर आलं. धट्टाकट्टा तो, अशक्तही तोच. त्याने मशीन बंद केलं. "किनारपट्टीवरचा सर्वांत तल्लख गुप्तहेर," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

हसत नव्हती फक्त क्लॉडिया. ती पलंगाच्या दुसऱ्या कडेला उठून बसली होती.

"क्लॉडिया, तुका म्हायत होता?" सुगंधाने विचारलं.

"पयल्या दिसापासून. मिशयेक लागान मास्क घट बसणा नाय, वारो भायर येतलो, आवाज इलो तर फोन करा, असा त्या तन्वीन सांगलेला."

"अगो बाये, मगे फोन केलंस कित्याक नाय?"

क्लॉडियाने चादरीची घडी घालायला घेतली. "शिटी वाजता म्हणजे ह्यो श्वास घेता. माका कान लावन बसूक लागणा नाय. इतक्या वर्सांनी माका झोप लागली, सुगंधा. ती शिटी बंद करूक माझो हात होयना." तिने सुगंधाकडे पाहिलं. "चुकला माझा. तुझे पावणे गेले."

सुगंधाने पुढे होऊन तिच्या हातातली चादर काढून घेतली. "पावणे येतत आणि जातत गो," ती म्हणाली.

रॉकीने फोन लावला तेव्हा तन्वीने सांगितलं की हवा अशी बाहेर गळत असेल तर मशीन लावून निम्माच उपयोग होतो. त्याच संध्याकाळी लुईसने स्वतःच मिशी उतरवली. आरशात त्याला निवृत्तीच्या दिवशीचा वाहतूक नियंत्रक दिसला आणि क्षणभर फार वाईट वाटलं. पण शिटी गेली. अक्षया मॅडम पक्षी स्थलांतर करून गेला म्हणून हळहळल्या. चार दिवसांत लुईसची गुंगी उतरली, मासेवालीला जन्मात पहिल्यांदा त्याने भावात नमवलं, आणि करडी नजर म्हणतात ती त्याला तेव्हा आली, कारण डोळे आता उघडे राहत होते.

त्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे, की क्लॉडिया आडाळीवर बसून नारळ खवता खवता पेंगते आहे. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं आलं होतं. गुणगुणणं बंद झालं होतं. लुईसने या वेळी समुद्राकडे पाहिलं नाही की कोणावर संशय घेतला नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तू निजणंस नाय," तो म्हणाला.

"आता कायच आयकूक येणा नाय रे," ती म्हणाली. "तू आसस काय नाय तां कळणा नाय. माका भिया वाटता."

जेवणं झाल्यावर लुईसने तिला आपल्या बाजूला निजायला सांगितलं आणि मास्क लावला. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकांची चाळण असते, श्वास बाहेर सोडायला. ती बुजू द्यायची नाही ही तन्वीची सूचना आता लुईसलाही पाठ होती. त्याने क्लॉडियाचा हात घेतला आणि त्या भोकांपासून थोडा दूर, उशीवर ठेवला. तिच्या तळव्यावर वारा आला. त्याने श्वास घेतला, मशीनने जोर केला की जोराचा, सोडला की हळू. जोराचा, हळू. लुईसने भुवया उंचावून विचारलं, लागतो का वारा? क्लॉडियाने मान हलवली, आणि थोड्याच वेळात तिची बोटं सैल पडली.

एवढ्यात खिडकीखालून रॉकीची दबकी हाक आली. "भावजी! केस इली हा! भायची कोंबडी गायब झाली!"

लुईसने ओ दिली नाही. उठलो तर तिचा हात सरकेल, म्हणून त्याने कूसही बदलली नाही. कोंबडी पुढे भाईच्याच लाकडांमागे अंड्यांवर बसलेली रॉकीला सापडली. तोवर लुईस क्लॉडियाच्या चेहऱ्याकडे बघत, तिचा श्वास ऐकत पडून राहिला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत ही पहिलीच पाळत होती, जिच्यावर असताना त्याला झोप लागली नाही.