सामंतकाका आणि वरचा थर

सामंतकाका माझ्या दारात आले की आधी कचऱ्याच्या डब्यात बघतात, मग माझ्याकडे.

"काल बाहेरून मागवलंस," ते म्हणतात. "वर मेथीची देठं पसरलीस, पण खाली बिर्याणीचा डबा आहे. वरच्या थरावर विश्वास ठेवू नये."

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेला एकटा माणूस. समोरच्या दारावर मराठी पाटी दिसली म्हणून हरखलो आणि तिथंच फसलो. पहिल्या भेटीत काकांनी चहा विचारला नाही, चौकशी केली. पुण्यातलं घर नदीपासून किती उंचावर, कधी पाणी शिरलं होतं का, शेजारी काय सांगतात. कधीच शिरलं नाही म्हटल्यावर 'असं सगळेच म्हणतात' अशा नजरेनं त्यांनी मला न्याहाळलं.

जन्मभर त्यांनी कोकणपट्टीचे खडक तपासले. नोकरी भूगर्भशास्त्रज्ञाची, वृत्ती फौजदाराची. लोकांकडे जिथं टीव्ही असतो तिथं यांच्याकडे एक उभा कापलेला दगड आहे. तळाशी काळपट चिखलाचा थर, त्यावर वाळू, वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि सगळ्यात वर पुन्हा चिखल. हा दगड आजच्या किनाऱ्यापासून बराच आत, भरतीचं पाणी पोचत नाही इतक्या उंचीवर मिळाला. म्हणजे खाडीच्या चिखलावर कधीकाळी समुद्र चढला, तिथं सुखानं नांदला आणि मग मागे हटला.

"हटला, असं तुला वाटतं," काका म्हणतात. "समुद्र एकदा गेलेल्या घराचा पत्ता विसरत नाही."

म्हणून निवृत्तीनंतर ते समुद्रापासून तीन हजार फूट उंच असलेल्या बेंगळुरूत आले आणि इथंही तळमजला नको म्हणून चौथा घेतला. तरी चैन नाहीच. सोसायटीच्या सभेत तळ्याकाठच्या घरांचं कौतुक निघालं की हे उठून विचारतात, तळं पूर्वी कुठवर होतं? मग सभा लवकर संपते.

झाडलोट करणारी मंजुळक्का तर त्यांना टरकूनच असते. जिन्यातली धूळ बोटानं खरवडून ते तिला सांगतात की मंगळवार तू गाळलास. "अंकल स्वल्प डेंजर है," असं ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, आणि तिचं खोटं नव्हतं.

माझा संशय मात्र त्यांच्या स्वयंपाकघरावर होता. ओट्यावर मिठाची एक उंच काचेची बरणी असे. वरचं मीठ पांढरंशुभ्र, तळाशी मात्र करड्या रंगाचे मळकट खडे. काका वरून चमचाभर घेत आणि लगेच पिशवीतलं तेवढंच ओतून पातळी पूर्ववत करत. ती बरणी धुतलेली मी कधी पाहिली नाही. माझ्या डब्यातली देठं ज्याला दिसतात त्याला स्वतःची बरणी दिसू नये? एकदा विचारलं, तर "मीठ नासत नाही, तू तुझं बघ," म्हणाले. कुठंतरी पाणी मुरत होतं.

गेल्या महिन्यात दोन दिवस माझा कचरा कुणी तपासला नाही. मला करमेना. जाऊन पाहिलं तर काका तापानं फणफणलेले. त्यांना निजवलं आणि पेज करायला घेतली. मीठ घ्यायला गेलो तर बरणीत पांढऱ्याचा पातळ पापुद्रा उरलेला; तापात वरून ओतायचं राहिलं असावं. शेजारी भरलेली पिशवी होती, पण एवढी संधी कोण सोडतो? मी चमचा थेट तळापर्यंत घातला, करडे खडे काढले, हुंगले आणि पेजेत टाकले.

मागे काका चौकट धरून उभे होते. बरणीत पडलेल्या खड्ड्याकडे बघत होते.

"खालचं घेतलंस," ते म्हणाले. आवाजात नेहमीचा फौजदार नव्हता.

मग खुर्चीत बसून तुटक तुटक त्यांनी सांगितलं. काकू शिरोड्याच्या. माहेरी गेल्या की तिथल्या मिठागरातलं मीठ आणायच्या. बेंगळुरूत सगळं आहे, समुद्र तेवढा नाही, ही त्यांची कायमची कुरकुर. नाही म्हणूनच तर आलो, असं काका म्हणायचे, आणि मग दोघांचं जुंपायचं. शेवटचं मीठ काकूंनी स्वतःच्या हातानं बरणीत भरलं होतं. त्या गेल्यावर काकांनी त्यावर दुकानातलं ओतलं आणि तेव्हापासून ते फक्त वरचंच खात होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेज ओतून देतो, दुसरी करतो, म्हणालो. त्यांनी वाटी पुढे केली.

पहिला घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. मी खाली बघत उभा राहिलो.

"मीठ कमी आसा," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांची मालवणी मी प्रथमच ऐकली. मी घाईनं पिशवीकडे हात नेला.

"त्यातला नको," काका म्हणाले. "खालचाच घाल."