चिंचोलीकरांनी मूळ नाव परत आणिले, त्याची हकीकत

अक्षरास नमन, अक्षर लिहिणाऱ्या हातास नमन, आणि जे लिहावयाचे राहोन गेले त्यासही नमन करोन, शके एकोणीसशे पंचेचाळीस, पौष मासी जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो.

समुद्रापलीकडे एक थोर दौलत आहे. तेथे अन्न उदंड, रस्ते रुंद, आणि प्रत्येक पत्रकावर ‘तुमचा वंश कोणता’ म्हणोन चौकटी छापिलेल्या. त्या दौलतीत नागसेनराव चिंचोलीकर एकतीस वर्षांमागे औषधांच्या कारखान्यात चाकरीस गेले आणि तेथेच स्थिरावले. मूळ आडनाव सोनकांबळे. मायदेशी ते उच्चारताच समोरचा मनुष्य जात ओळखे आणि पाण्याचा तांब्या अलीकडे ओढी, म्हणोन निघतेसमयी रावांनी आडनाव बदलोन घेतले. चिंचोली नावाची गावे मुलखात पंचवीस, कोणती ते कोणास ठाव लागणार नाही, ऐसी मोठी मसलत केली. आणि मग परमुलखी उतरताच पहिल्याच पत्रकाने वंश पुसिला, तेव्हा हसावे की रडावे ऐसे जाहले.

त्या नगरात मराठी मंडळ होते आणि दरसाल संक्रांतीस मेळा भरे. रिवाज ऐसा की दारातच एक बाई नाव आडनाव पुसोन छातीस चिठ्ठी लावीत, आणि मग आत चौकशी होई, ‘म्हणजे मूळचे कुठले आपण?’ राव शत्रूस न भ्याले असते, त्या चिठ्ठीस भ्याले. परंतु मराठी बोल कानी पडावा ही भूक अनावर. तेव्हा घरी ‘मोटारीच्या चाकांत हवा भरोन येतो’ ऐसे सांगोन मंडळाचे दारासमोर मोटार उभी करीत, आणि काच चार बोटे खाली घेत, आणि येणारे जाणारे काय बोलतात ते ऐकत बसत. कोणी म्हणे, ‘अगं, जरा पिशवी धर,’ कोणी म्हणे, ‘यंदा वड्या मऊच झाल्या.’ येवढे ऐकोन डोळे पुशीत आणि कोरडेच घरी परतत.

पुढे रावांची कन्या यशोधरा विद्यापीठात दाखल जाहली. मुख्य विद्या यंत्रांस अक्कल शिकविण्याची, ती पोटाची सोय. आणि तिजसोबत एक जोडविद्या घ्यावयाची, तीत बाईसाहेबांनी त्या दौलतीतील वंश आणि वर्ण यांचा अभ्यास निवडिला. राव म्हणाले, “त्याचं काय लोणचं घालायचंय?” परंतु कन्या हट्टास पेटली ती पेटली.

संक्रांतीचे आदले दिवशी दुपारी जेवता जेवता ती आपला धडा सांगो लागली. “बाबा, इथे पूर्वी काळ्या लोकांतली काही माणसं रंगाने उजळ असायची. ती दूर जाऊन गोरी म्हणून राहायची. नोकरी मिळायची, मान मिळायचा. पण घरच्यांना ओळख दाखवता यायची नाही. एकाने तर आईला कधी घरीच बोलावलं नाही.”

रावांचा घास हातीच राहिला. एरवी बोली जपोन बोलत, त्या दिवशी गावची निघाली. “त्येची माय वाट पाहत व्हती काय गं?”

“पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही.”

“पाहत व्हती. म्या सांगतो.”

आणि मग एकतीस वर्षांचे कुलूप निघाले. रावांची आई गयाबाई पत्री लिहवी, ‘एकदा तुझं घर दाखव,’ आणि राव उत्तर धाडीत, ‘थंडी सरू दे.’ खरे कारण ऐसे की माय भोळी, दारी येईल त्यास ‘मी सोनकांबळ्याची गयाबाई’ सांगितल्यावाचून राहती ना. ऐशा अकरा थंड्या सरल्या आणि गयाबाई निवर्तल्या. हे सांगता राव लेकरासारखे रडले, आणि कन्याही रडली, आणि मग नाक पुसोन म्हणाली, “उद्या चाकांत हवा भरायला मी पण येते.”

“तुला ठावं व्हतं?”

“चाकं कधी भरलेली दिसली नाहीत, बाबा.”

दुसरे दिवशी बापलेक मंडळाचे दारी गेले. चिठ्ठीवाल्या बाईंनी पुसिले, “नाव?” राव म्हणाले, “सोनकांबळे. गयाबाईचा नागसेन.” बाईंची लेखणी क्षणभर थांबली, का थांबली ते त्याच जाणोत. मग एक चिठ्ठी लिहोन दुसरीवर ‘गयाबाई’ लिहिले आणि दाराकडे पाहोन पुसिले, “आई मागून येतायत का?”

“यायच्या व्हत्या, बाई. म्याच आणलं नाही.”

बाई ओशाळल्या, चिठ्ठी फाडू लागल्या. रावांनी हात पुढे केला. “राहू द्या. ती बी लावतो.”

येणेप्रमाणे चिंचोलीकरांचा अंमल एकतीस वर्षांनी उठला. राव छातीस दोन चिठ्ठ्या लावोन आत गेले, आणि जो जो मूळचे कुठले म्हणोन पुसे, त्यास प्रथम आईचे नाव सांगत. इतके वर्तमान.