काळ्या चौकटीतली लढाई

ज्या उपक्रमाला प्रेक्षक नाहीत, तो संस्कृतीत मोडत नाही, असा ठराव झ्लातारेवो नगरपालिकेने एकमताने मंजूर केला. त्या ठरावानुसार गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी भरणारं गांदेव मास्तरांचं युद्धखेळ मंडळ महिनाअखेर बंद होणार होतं. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक रेडिओच उरला होता. शनिवारची खोली गेली असती, तर माणसाचा आवाज ऐकायला त्यांना मिंको कसायाच्या दुकानात जाऊन उभं राहावं लागलं असतं.

खेळ मास्तरांनी स्वतः रचलेला. डॅन्यूबकाठची पाच राज्यं, लाकडी फौजा, सगळं पटावर उघडं. राकिया या गावठी दारूचा पहिला पेला संपायच्या आत कोण जिंकणार ते कळायचं, आणि उरलेली संध्याकाळ मंडळी एकमेकांच्या जावयांवर बोलण्यात घालवत.

“मास्तर, राग मानू नका,” मिंको म्हणाला, “पण तुमच्या लढाईत लपवायला काहीच नाही. माझ्या सॉसेजमध्येसुद्धा याहून जास्त गुपितं असतात.”

मास्तरांना ते लागलं, पण पटलंही. त्यांनी प्रत्येकाला एकेक कापडी पिशवी दिली. फौज पिशवीत ठेवायची आणि कुणालाही दाखवायची नाही. खेळात एकदम जान आली. रिकाम्या पिशवीवालाही असा ऐटीत बसू लागला की शेजारचं राज्य आपणहून शरण येई. पण फौजा कुणालाच दिसेनात, तेव्हा लढाई कोण जिंकलं हे ठरवायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला.

मग मास्तरांनी खेळात बातमीचा नियम आणला. प्रत्येक फेरीत एक खेळाडू संपादक होणार आणि लढाईची बातमी देणार. निम्म्याहून जास्त लोकांचा विश्वास बसला, की ती घडली असं धरायचं. अडचण एवढीच झाली की कुणाचाच विश्वास बसेना. झ्लातारेवोत वर्तमानपत्र मासे गुंडाळायला घेतात.

तोड मिंकोनेच काढली. गावात लोक एकाच छापील कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, आणि तो म्हणजे माणूस गेल्यावर खांबावर, दारावर, बसथांब्यावर चिकटवतात तो. भोवती काळी चौकट, मध्ये फोटो. त्या कागदाकडे आजवर कुणी पुरावा मागितला नव्हता.

पुढच्या शनिवारी पोस्टातल्या योर्दांकाबाईंनी काळ्या चौकटीत बातमी लावली: ‘दक्षिण राज्याची फौज दीर्घ आजाराने निवर्तली.’ दक्षिण राज्य मिंकोचं होतं. त्याने पिशवी पटावर उपडी केली.

“हे बघा सगळे घोडेस्वार. एकाला साधं पडसंसुद्धा नाही.”

“गुपित फोडलंस की रे बाबा,” योर्दांकाबाई म्हणाल्या. “आणि गेलेल्या माणसाने असं मध्ये बोलू नये.”

मास्तरांनी तिथल्या तिथे निर्णय दिला, तो असा: ज्याची फौज तो पक्षकार, पक्षकाराला मत नाही, आणि रणांगणावर हजर असणं हा पुरावा धरला जाणार नाही. हात वर झाले. मिंको हरला, आणि त्याला स्वतःलाही खेळ फारच आवडला.

मग हे कागद बाहेरच्या दारावरही लागू लागले. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबून छातीवर क्रूसाची खूण करत, काहीजणी मयतासाठी वाटतात ते उकडलेले गोड गहू घेऊन येत. ते खाता खाता लोक आत डोकावत आणि बसून राहत. खोली भरू लागली. खेळाडू पिशव्या घरी विसरून यायला लागले, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. एकदा पटही आणायचा राहिला. लढाया अधिकच तुंबळ झाल्या.

उपमहापौर स्तामेनोवाबाई पाहणीला आल्या. बसल्या, खेळल्या आणि एकही फौज न हलवता पाचही राज्यं जिंकून उठल्या.

“मास्तर, याला खेळ म्हणू नका,” त्या भारावून म्हणाल्या. “हे प्रशासन आहे.”

“मग खोली राहील ना, बाई?”

“निर्णय झालाय. फक्त तो गुप्त आहे.”

त्यानंतरच्या शनिवारी खोलीला नवं कुलूप होतं आणि वर एका सट्टेबाजीच्या दुकानाची पाटी. समोरच्या खांबावर काळ्या चौकटीत मास्तरांचा फोटो होता. खाली मजकूर: ‘युद्धखेळ मंडळाच्या खोलीचं नूतनीकरण पूर्ण. खेळ दर शनिवारी. प्रेक्षकांची अलोट गर्दी.’ दोन म्हातारे टोप्या काढून तो वाचत होते. मास्तर तडक नगरपालिकेत गेले.

“कागद वाचलात ना?” स्तामेनोवाबाईंनी प्रेमाने विचारलं.

“वाचला. पण खोलीला कुलूप आहे.”

“तुम्ही स्वतः बघितलंत?”

“आत्ता तिथूनच येतोय.”

“मग तुम्ही पक्षकार झालात, मास्तर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांसाठी कॉफी मागवली.

संध्याकाळी मास्तर मिंकोच्या दुकानात गेले.

“अभिनंदन, मास्तर,” मिंको सुरी पुसत म्हणाला. “मी मुद्दामच आलो नाही. म्हटलं, एवढ्या गर्दीत आपल्याला कुठली जागा मिळायला.”

“अरे, कसली गर्दी? खोली गेली. दारात मी एकटा उभा होतो.”

मिंकोने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “काळ्या चौकटीत आलंय, मास्तर. तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

मास्तरांना रडू आलं. आपल्याला एकटं वाटतंय, असं ते सरळ म्हणालेही. पण इतक्या गर्दीचा माणूस एकटा कसा असेल, हे मिंकोला काही केल्या समजेना. त्याने दोन सॉसेज जास्तीचे बांधून दिले. मास्तरांनी घरी जाऊन रेडिओ लावला.

मिंकोला हसू नका. झ्लातारेवो नावाचं गाव नकाशावर आहे की नाही, हे न बघताच तुम्ही इथवर वाचत आलात, मास्तरांसाठी थोडे हळहळलातही. आणि या कागदाला तर काळी चौकटसुद्धा नव्हती.