साहेब, बावीस सेकंदांनंतर

रेडिओतल्या आवाजाच्या दोन वाटा एका तालावर आणणं हा माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी सोमवारी म्हणालो. चौदा महिन्यांत एकही रजा न मिळालेला माणूस काहीही म्हणतो. शुक्रवारी गिऱ्हाइकांसमोर प्रात्यक्षिक नीट झालं, तर माझी पाच दिवसांची रजा मंजूर, असं न्येन साहेबांनी कबूल केलं होतं.

आमच्या शिन्चू शहरातल्या ऑफिसातला रेडिओ संगणकाच्या पोटात असतो. आलेला आवाज दोन वाटांनी जातो. वाटेतले सॉफ्टवेअरचे ठोकळे त्याला गाळतात, धुतात, इस्त्री करतात आणि शेवटी दोन्ही वाटा एक होतात. पण उजवी वाट दोन सेकंद मागे! चाचणीच्या रेकॉर्डिंगमधली बाई दिवसभर एक ते दहा आकडे म्हणायची आणि तिचीच जुळी बहीण मागून तिला वेडावून दाखवायची.

उपाय सोपा. पुढच्याला थांबवायचं. मी डाव्या वाटेवर दोन सेकंदांचा थांबा घातला. ऐकतो तर आता डावी मागे!

आमच्याकडे कुणाची चूक तोंडावर दाखवत नाहीत, गुपचूप दुरुस्त करतात. शेजारच्या पेइ-रोंगताईनंही गुपचूप तोच थांबा त्याच वाटेवर घातला होता, हे मला फार उशिरा कळलं. मग आम्ही दोघांनी, अर्थात एकमेकांपासून गुपचूप, उजवीला थांबवलं. मग डावीला. मग पुन्हा उजवीला. जुने थांबे मात्र कुणीच काढले नाहीत. गुरुवारपर्यंत माझे डोळे शिळ्या कोळंबीसारखे झाले.

शुक्रवारी सकाळी माझं लक्ष यंत्रावरच्या खाऊच्या पाकिटाकडे गेलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ते ठेवायचं असतं. हिरवंच लागतं आणि तारीख उलटलेली चालत नाही.

“ताई, तारीख संपलीय! सोमवारीच!”

“तरीच! पळ, नवीन आण. आणि पिवळं आणलंस तर तोंड दाखवू नकोस.”

मी तीन दुकानं पालथी घातली. तेवढ्यात ताईनं एकटीनं शेवटचा थांबा घातला. मी येऊन पाकीट ठेवलं, तर बाई एकटी! स्वच्छ!

“बघ,” ताई म्हणाली, “भुकेलं होतं बिचारं.”

बाई नक्की किती मागून बोलतेय, हे कुणी पाहिलं नाही. एक ते दहा काय, फिरतच असतात.

दुपारी आमचं गिऱ्हाईक, म्हणजे सुआओ बंदराच्या मच्छीमार संघाचे अध्यक्ष आले. साहेबांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. “अध्यक्षमहाराज, आपलं स्वागत असो!”

स्पीकर गप्प.

साहेब बटण तसंच दाबून धरत माझ्या कानाशी वाकले. “काय झालं रे? जाऊ दे, या म्हाताऱ्याला काय कळतंय! आणि खिडकी उघड, मासळीचा वास मारतोय.”

मी खिडकी उघडली.

“अध्यक्षमहाराज, आपलं स्वागत असो!” स्पीकर खणखणीत बोलला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. साहेब फुलले. मी मनातल्या मनात बॅग भरली.

मग स्पीकरनं म्हाताऱ्याचं सांगितलं. मग मासळीचं.

अध्यक्ष शांतपणे उठले. “आवाज मात्र स्पष्ट आहे हो,” म्हणाले आणि निघाले.

साहेबांचा अंगठा अजून बटणावरच. “बो-यान! रजा विसर!” ते माझ्यावर ओरडले.

मी मान खाली घालून पाकिटाकडे बघत राहिलो. बरोबर बावीस सेकंदांनी स्पीकर ओरडला, “बो-यान! रजा विसर!”

रजा मी एकदाच मागितली होती. नामंजूर दोनदा झाली. पण दोन्ही वाटा काय जुळल्या होत्या!