एका कार्डाचे मुक्काम

तीन माणसांत एक प्लेट मुरमुऱ्यांचा सुशीला मागवून वर "कढीपत्ता जास्त टाक" म्हणणारा गृहस्थ पाहायचा असेल, तर लातुरात आमच्या शेजारी या. बब्रुवानमामा. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आता पत्र्याच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्याने देतात आणि त्या पोरांना मामी आग्रहाने जेवू घालतात.

त्यातलाच एक पोरगा डॉक्टरकीला लागला. जाताना त्याने दोघांना एका मोठ्या हॉटेलचं गिफ्ट कार्ड दिलं. दुसरा कुणी असता तर एका दुपारी ताट चापून मोकळा झाला असता. मामांनी मला हाक मारली.

"मास्तर, हे एकदमच संपवावं लागतं, का थोडं थोडं बी चालतं?"

"थोडं थोडं चालतं. पण दिवाळीपर्यंतच."

"मग झालं. घाई कुणाला हाय?"

अहमदपूरच्या रस्त्यावर गाडी चालवतानाही ते हेच म्हणायचे आणि मागे प्रवासी कपाळाला हात लावायचे.

कार्डाची भानगड आपल्याला जमायची नाही म्हणून त्यांनी मला सोबत धरलं. पहिल्या खेपेला मामा, मामी आणि मी हॉटेलबाहेर लिंबाखाली बसून नुसता चहा प्यालो. मी थाळीच्या आशेने सकाळपासून उपाशी! पुढच्या खेपेला पत्र्याच्या पडवीत सुशीला. मग दाराला लागून, पण बाहेरच, इडली. टेबल दर वेळी मामाच निवडणार. वेटर बिचारा सांगायचा, "काका, आत एसी आहे."

"आज इथंच बरं हाय," मामा म्हणायचे. असा चिंगूस माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल, असं मी गल्लीभर सांगत सुटलो होतो.

दिवाळी तोंडावर आली. "मामा, आज तरी जेवा, कार्ड वाया जाईल," मी हॉटेलच्या दारातच वैतागलो. मामी बाहेरच्या नळावर हात धूत होत्या. मामा हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, भूकंपात माहेरचं घर हिच्या डोळ्यांदेखत बसलं. तवापासून स्लॅबखाली पाय ठेवत न्हाई. लेक नांदेडला तिसऱ्या माळ्यावर ऱ्हाते, हिनं तिचं घर अजून बघितलं न्हाई. पोरानं दिलेलं मात्र ही वाया जाऊ द्यायची न्हाई. म्हणून एकेक टेबल आत सरकत आलो."

माझी भूकच मेली. मामी आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, वर बघितलं, मामांचा दंड घट्ट धरला.  बस आगारात लावावी तसे मामा धीराने एकेक पाऊल टाकत पंख्याखालच्या टेबलापाशी गेले. मामी बसल्या. मी देवाचं नाव घेत होतो.

मामी पाणी प्यायल्या. पुन्हा एकदा वर पाहिलं.

"अवो, पोरीच्या घराला पायऱ्या हायत ना? त्या लिफ्टमधी मी चढणार न्हाई."

"हायत की."

"लई हायत?"

"असू दे. मधी मधी बसत जाऊ." मामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि वेटरला हाक मारली, "बाळा, तीन ताटं आण. भरून आण." मग मामींकडे वळून म्हणाले, "घाई कुणाला हाय?"