मल्हारीअण्णांचे बारा गुण

आमच्या शेजारचे मल्हारीअण्णा जगातल्या कुठल्याही गोष्टीला बारापैकी गुण देतात. दहापैकी नाही, शंभरपैकी नाही, बारापैकी. मी केलेल्या मुरमुऱ्याच्या सुशीलाला सात. माझ्या नवऱ्याच्या नव्या हजामतीला चार. हुलसूरच्या बसच्या ड्रायव्हरनं वळणावर ब्रेक मारला, त्याला आठ. एकदा कुणाच्या तरी तेराव्याला जेवून उठले आणि हात धुता धुता घरधन्याला म्हणाले, "दहा. दोन कामून कापलो, तर आमटी." घरधनी रडत होता, तो रडायचा थांबला आणि आचाऱ्याला शोधायला गेला.

मी उदगीरकडची, लग्न करून या गावात आले आणि अंगणवाडीत लागले. नवीन होते तेव्हा एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आज सुशीलाला नऊ तरी द्या."

"नऊ नसतात, अक्का. अकराबी नसतात."

"का बरं?"

"तिकडं न्हाईत."

तिकडं म्हणजे मस्कतच्या टीव्हीवर. अण्णांच्या बापाची मेंढरं होती. अण्णांच्या वाट्याला चार शेळ्या आणि तुरीचं एक रान आलं. गावातली बरीच माणसं पुण्याला, हैदराबादला गेली तसे हे थेट समुद्र ओलांडून गेले आणि एका गोऱ्या इंजिनियरच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिले. बारा वर्षं. या बारांचा त्या बारांशी काही संबंध नाही, हे ते न विचारता सांगतात.

त्या बंगल्यातली मॅडम युरोपातल्या कुठल्याशा लहान, थंड देशाची होती. तिकडच्या सगळ्या देशांची म्हणे वर्षातून एकदा गाण्याची स्पर्धा लागते. साहेब लवकर झोपायचे. मग मॅडम माळ्याला हाक मारायची, गालिच्यावर बसवायची आणि दोघं मिळून स्पर्धा बघायची.

"हरेक देशाचं एकच गाणं," अण्णा समजावून सांगायचे. "आदी आपल्या देशात भांडून त्ये गाणं निवडायचं, मंग त्ये घेऊन भाईर भांडायला जायचं. आनि सगळ्यात मोठा नियम म्हंजे कुठलाबी देश सोताला मत देत न्हाई."

"मग मॅडमचा देश जिंकला का कधी?"

"कुठलं! त्येला कुनी मतच द्यायचं न्हाई. मॅडम डोळे पुसायची. मी म्हनायचो, मॅडम, नेक्स्ट इयर."

हे 'नेक्स्ट इयर' त्यांनी सोबत आणलं. शेळी मेली, नेक्स्ट इयर. तूर जळाली, नेक्स्ट इयर. शेजारच्या पोराची दहावी गेली तेव्हाही तेच म्हणाले, आणि तिथं ते बरोबर बसलं.

त्यांची बायको सोनाक्का दुबलगुंडीची. फार कमी बोलणारी. अण्णा तासभर मस्कत सांगायचे, ती मधून मधून "व्हय" म्हणायची. अण्णा घरात असले की एवढाच त्यांचा संसार आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

तर एका हिवाळ्यात गावात भोंगा लावलेली जीप आली. हायवेवरच्या एका गावात (नाव सांगत नाही, आमच्या सोयरिकी आहेत तिथं) महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र अशा तीन राज्यांतल्या गावांची गीतस्पर्धा होती. प्रत्येक गावाचं एकच गाणं.

जीप गेली आणि गावात भांडण सुरू झालं. आमच्या गावात दुकानात कन्नड चालते, घरात मराठी, आणि भांडण रंगात आलं की दखनी. मग गावाचं गाणं कोणत्या भाषेतलं? मंदिराच्या पारावर बैठक बसली. दुकानदार शिवप्पा म्हणाले कन्नड, राज्य कर्नाटक आहे. खालच्या गल्लीतले म्हणाले मराठी, संख्या आमची आहे. मोमीन गल्लीचे खाजामियाँ म्हणाले, "समजता सबकू हमारीच बोली, फिर सोचना क्या है?"

तेव्हा अण्णा उठले. माणसानं आयुष्यभर ज्या कामाची वाट पाहावी ते काम समोर आलं, असा त्यांचा चेहरा होता.

"बसा सगळे," ते म्हणाले. "ह्ये असंच असतंय. देशादेशांत असंच असतंय. मला ठावं हाय कसं करायचं."

आणि कुणालाच ठाऊक नसल्यामुळे गावानं ते काम त्यांच्यावर सोपवलं.

अण्णांनी गावाचे चार देश केले. वरची गल्ली, खालची गल्ली, मोमीन गल्ली आणि पाण्याच्या टाकीजवळची ती टाकीची गल्ली. प्रत्येक गल्लीनं एक गाणं आणायचं, भाषा कुठलीही. मग प्रत्येक गल्लीनं बाकीच्या तीन गल्ल्यांना बारा, दहा आणि आठ गुण द्यायचे. स्वतःला द्यायचे नाहीत. गुण समान झाले तर अध्यक्षांचं मत. अध्यक्ष अण्णा.

इथवर सगळ्यांना पटलं. पुढं अण्णा म्हणाले, गुण फोनवरून सांगायचे.

"फोन कामून?" शिवप्पांनी विचारलं. "गल्ल्या हितंच तर हायत. हाक मारली तर ऐकू येतंय."

"तिकडं फोनवरूनच सांगत्यात."

गावात मोबाईल नुकते आले होते, पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. गल्लीचा माणूस टाकीवर चढला तरी फोन घेणाऱ्यालाही रेंज हवी. म्हणून असं ठरलं की अण्णांनीही टाकीवरच थांबायचं. एका फोनवरून गल्लीचा माणूस बोलणार, शेजारी उभे राहून दुसऱ्या फोनवर अण्णा ऐकणार, आणि मग वरपर्यंत ओढलेल्या माइकवर खाली गावाला सांगणार. यात काही खटकतंय असं अण्णांना वाटलं नाही. आम्हालाही एव्हाना वाटेनासं झालं होतं.

निवडीच्या दिवशी दुपारी सगळं गाव पारासमोर जमलं. मोमीन गल्लीच्या पोरांनी डफावर धमाल उडवली. टाकीच्या गल्लीच्या भजनी मंडळानं एवढं लांब गाणं म्हटलं की मधे दोन जण चहा पिऊन परत येऊन त्याच कडव्यात मिसळले. वरच्या गल्लीकडून शिवप्पांची सून सुवर्णा कन्नडमध्ये गायली. पोरीचा गळा खरंच गोड.

राहिली खालची गल्ली, म्हणजे आमची. आमच्या गायकानं इतका सराव केला होता की त्याचा घसा बसला होता. तो नुसते हातवारे करून माफी मागत होता. अण्णा तेव्हा दुसऱ्या माइकची वायर घेऊन टाकीच्या शिडीवर चढत होते. तेवढ्यात बायकांनी सोनाक्काला पुढं ढकललं.

"अगं, त्ये वर गेल्यात. म्हन की आता!"

सोनाक्का 'नगं नगं' करत माइकपुढं आली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, डोळे मिटले आणि गायला लागली. गाणं तिचंच होतं. आम्ही शेजारच्या बायकांनी ते भिंतीपलीकडून, धुण्यावर, तुरीच्या रानात वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं. ती म्हणत होती:

दोन भाकरी थापिते, एक शिंक्यात ऱ्हाती
समिंदराच्या वाटंला, भाकर कोन गं नेती

खाजामियाँनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी सहज टाकीकडं पाहिलं. अण्णा शिडीच्या मध्यावर, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तसेच थांबले होते. गाणं संपेपर्यंत ना वर गेले, ना खाली आले.

मग मतदान झालं.

"हॅलो! वरची गल्ली का?" टाकीवरून भोंग्यात अण्णांचा आवाज आला.

"अण्णा, मी हितंच हाय की. धक्का कामून द्यायलाव?"

"फोनात बोला, फोनात."

वरच्या गल्लीनं खालच्या गल्लीला बारा दिले. खालच्या गल्लीनं वरच्या गल्लीला बारा दिले, कारण आमच्या निम्म्या लेकी तिकडं दिलेल्या. मोमीन गल्लीकडून खाजामियाँ धापा टाकत वर गेले आणि म्हणाले, "निचली गल्लीकू बारा. औरताँ रो रे थे, दूसरा क्या देना?" टाकीच्या गल्लीनं बारा वरच्या गल्लीला दिले, कारण उधारी शिवप्पांकडं चालायची. सगळं जमेला धरलं तर सुवर्णा आणि सोनाक्का बरोबरीत.

आता अध्यक्षांचं मत.

अण्णा खाली उतरले. पारासमोर आले. बायकांनी आधीच सोनाक्काला मिठ्या मारायला सुरुवात केली होती.

"वरची गल्ली," अण्णा म्हणाले.

कुणाला कळेचना.

"अण्णा," खुद्द शिवप्पा म्हणाले, "सून माझी हाय, पण खरं सांगू का, गाणं तुमच्या घरचं..."

"माझ्या घरचं हाय म्हनूनच. देश सोताला मत देत न्हाई. नियम हाय."

"तुमचा नियम खड्ड्यात घाला!" आमच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं. ती मीच होते.

अण्णांनी सोनाक्काकडं पाहून "नियम हाय गं" म्हटलं. ती "व्हय" म्हणाली आणि स्वयंपाकाला घरी गेली.

त्यानंतर मी अण्णांना सुशीला पाठवणं बंद केलं. खालच्या गल्लीतल्या बायका त्यांना रस्त्यात पाहून तोंड फिरवायच्या. अण्णांनी ते सगळं झेललं आणि गावाच्या पथकाचे प्रमुख म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून जीपमध्ये पुढं बसले. मीही गेले, सुवर्णाच्या सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून.

स्पर्धेला बरीच गावं आली होती. सुवर्णा घाबरली, पण नीट गायली. तीन परीक्षक एकमेकांच्या कानात बोलले आणि त्यांनी निकाल जाहीर केला. आम्हाला उत्तेजनार्थ.

अण्णा भर मंडपात उभे राहिले. "गुण सांगा की. कुनी कुनाला किती दिले?"

"निर्णय अंतिम आहे," परीक्षक म्हणाले.

"अंतिम हाय, त्ये ठीक हाय. पर किती?"

दोन स्वयंसेवकांनी त्यांना अदबीनं खाली बसवलं. उत्तेजनार्थ म्हणजे कितवा, हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. "तिकडं ह्ये न्हाईच," ते मला म्हणाले.

परतताना जीपमध्ये सुवर्णा रडवेली झाली होती. अण्णा मागं वळून तिला म्हणाले, "नेक्स्ट इयर, पोरी."

ती म्हणाली, "अण्णा, सोनाक्काचं गाणं माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते आणलं असतं तर पयलं बक्षीस मिळालं असतं."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा पुढं बघायला लागले. घर येईपर्यंत ते कशालाही गुण द्यायला विसरले. वाटेत एक बैल रस्त्यातच बसला होता, ड्रायव्हरनं फार शिताफीनं जीप काढली, तरी नाही.

अण्णा माझ्या मनातून पार उतरले होते. नियमासाठी बायकोला खाली बसवणारा माणूस. तेही अशी बायको, जिनं बारा वर्षं एकटीनं शेळ्या आणि तूर सांभाळली.

पंधरवडा गेला असेल. दिवस मावळता मावळता मी परसात वाळलेले कपडे काढायला गेले. बघते तर आमच्या बाजूनं, त्यांच्याच घराच्या भिंतीला टेकून अण्णा उकिडवे बसलेले. चपला काढून हातात धरलेल्या.

"अण्णा, हितं कामून बसलाव?"

त्यांनी घाईनं ओठावर बोट ठेवलं. भिंतीपलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्याच्या तालावर सोनाक्का गात होती.

मी त्यांच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हटलं, "अवो, तुमचंच घर. आत बसून ऐका की."

"आत पाऊल टाकलं की थांबती."

"मग सांगा तिला, म्हण म्हणून."

"सांगितलो. म्हनली, मला कुठं काय येतंय." त्यांनी चपलांवरची धूळ बोटानं पुसली. "मस्कतहून येऊन इतकी सालं झाली, अक्का. ही गाती हेच मला ठावं नव्हतं. त्या दिवशी टाकीच्या शिडीवर कळलं."

मनात होतं ते तोंडातून गेलंच. "मग मत का नाही दिलंत? नियम, नियम काय करायलाव?"

पलीकडं तव्यावर भाकरी पडली.

"त्या गाण्यात मी हाय, अक्का. म्हंजे... मी न्हाई. मी न्हाई, त्येचंच त्ये गाणं हाय. त्ये तिथं बक्षिसाला कसं पाठवू? कोन कुठले तिघं बसनार, कानात बोलनार..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

पलीकडचं गाणं थांबलं. चुलीतलं लाकूड मागं ओढल्याचा आवाज आला. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, आमच्या परसातून रस्त्यावर गेले, चपला घातल्या, वळसा घेतला आणि आपल्या पुढच्या दारात जाऊन मोठ्यानं खाकरले. फार लांबून आलेल्या माणसासारखे.

"आलाव का?" आतून सोनाक्काचा आवाज आला.

"आलो," अण्णा म्हणाले.

मी कपडे घेऊन घरात आले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत त्या भिंतीपाशी एक पाट नेऊन ठेवला. नवऱ्यानं विचारलं, हा इथं कशाला? मी म्हटलं, राहू द्या, असू दे तिथं.